अठरावं लागण्याआधी

मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की आपण तिला हळूहळू कणीक मळायला बसवतो, दुधाकडे लक्ष ठेवायला सांगतो. मुलगा थोडा मोठा झाला की त्याला दळण आणायला, लाइटबिल भरायला, बँकेत स्लिप भरायला पाठवतो. 'उद्या मोठं व्हायचंय, स्वतःचं स्वतः बघायचंय' हे वाक्य आपल्या घरात दिवसातून दोनदा तरी उच्चारलं जातं. म्हणजे मोठं होण्याची तयारी अठराव्या वाढदिवसाला सुरू होत नाही. ती आठ-दहा वर्षं आधीपासून, नकळत चालू असते.

पण ज्या घरात बौद्धिक दिव्यांग मूल आहे, त्या घरात हे वाक्य सहसा ऐकू येत नाही. तिथे 'राहू दे, त्याला नाही जमायचं' असं म्हणतात. तिथे बावीस वर्षांच्या, दाढीमिशा फुटलेल्या मुलाला सगळे 'बाळ' म्हणतात. पंचवीस वर्षांच्या मुलीला फ्रॉक घालतात, कारण बदलायला सोपा पडतो. मूल वयानं वाढत राहतं, पण घर त्याला मोठं होऊ देत नाही.

आमच्या महिला मंडळाच्या कामानिमित्त गेली काही वर्षं मी अशा घरांतून जाते. विषय काहीही असो, चहाचा कप खाली ठेवता ठेवता आई एकच प्रश्न विचारते, 'ताई, माझ्यानंतर याचं काय हो?' मैत्रिणींनो, या प्रश्नाबद्दलच आज लिहायचं आहे. कारण मला वाटतं, याचं उत्तर आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो. कुणी देवाकडे शोधतं, कुणी धाकट्या मुलाकडे, कुणी लांबच्या शहरातल्या एखाद्या वसतिगृहाकडे. खरं म्हणजे 'माझ्यानंतर'चं उत्तर 'माझ्यादेखत'च तयार करावं लागतं, आणि तेही मूल दहा-बारा वर्षांचं असल्यापासून.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. 'तारे जमीन पर' हा सिनेमा २००७ साली आला आणि वाचताना अक्षरं उलटीसुलटी दिसणारी मुलं घराघरांत माहीत झाली. ती अडचण वेगळी. त्या मुलांची बुद्धी चांगली असते, वाट फक्त वेगळी लागते. मी बोलतेय ती मुलं वेगळी. यांना समजायला, बोलायला, रोजची कामं करायलाच अवघड जातं. शिवाय कुणाला जोडीला फिट्स येतात, कुणाला स्वमग्नता असते, कुणाचे हातपाय आखडलेले असतात, कुणाला दिसत किंवा ऐकू येत नाही. अशी एकात एक गुंतलेली दोन-तीन दुखणी. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे १५ लाख बौद्धिक दिव्यांग नोंदले गेले. घरात लपवलेली, नोंदच न केलेली त्यात नाहीत, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे.

पूर्वी अशी मुलं लहानपणीच जात. हृदयाचं दुखणं, न्यूमोनिया, काहीही निमित्त होई. आता औषधं आहेत, ऑपरेशन्स आहेत. डाउन सिंड्रोम असलेली माणसं आज पन्नास-साठीपर्यंत जगतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण याचा सरळ अर्थ असा, की ती आईवडिलांच्या मागे उरणार आहेत. आपल्या आजीच्या काळात हा प्रश्न क्वचित पडायचा, आता तो घरोघरी पडणार आहे.

मग तयारी म्हणजे करायचं काय?

सुरुवात न्हाणीघरापासून आणि ताटापासून. विशेष शाळेतल्या शिक्षिका एक फार छान युक्ती शिकवतात. काम छोट्या छोट्या पायऱ्यांत तोडायचं आणि शेवटची पायरी आधी मुलाला द्यायची. म्हणजे शर्टाची सगळी बटणं तुम्ही लावा, शेवटचं एक त्याला लावू द्या. ते जमलं की शेवटची दोन. काम पूर्ण केल्याचा आनंद त्याला पहिल्या दिवसापासून मिळतो. एक शर्ट शिकायला सहा महिने लागतील, वर्षही लागेल. लागू दे! वीस वर्षं रोज बटणं लावण्यापेक्षा एक वर्ष शिकवणं केव्हाही स्वस्त.

पैशांचंही तसंच. आकडे नाही कळत, पण रंग कळतात ना? शंभराची नवी नोट जांभळट, दोनशेची पिवळी, पन्नासाची निळी. 'निळी नोट दे आणि दुधाची पिशवी घे' एवढा व्यवहार एखादी मुलगी दोन वर्षांत शिकते. समोरच्या दुकानदाराला मात्र आपण आधी जाऊन सांगून ठेवायचं, की भाऊ, ती येईल, तिला वेळ द्या, आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला जरा थांबवा. हे सांगण्यात कसला आलाय कमीपणा?

आता जरा अवघड विषय. वयात येणं. बुद्धी पाच वर्षांच्या मुलासारखी राहिली, तरी शरीर थांबत नाही. मुलीची पाळी येते, मुलाला मिसरूड फुटते, त्याच्याही शरीरात बदल होतात. आपण मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. पाळी यायच्या आधी वर्षभर मुलीला पॅड हाताळायला द्यावं. निकरवर ते कुठे बसतं तिथे रंगीत दोऱ्यानं चौकोन शिवून खूण करावी. आई किंवा ताई बदलते तेव्हा तिला दाखवावं. कॅलेंडरवर लाल टिकली लावावी. बऱ्याच मुली यातून शिकतात. ज्या नाही शिकत, त्यांना निदान भीती तरी वाटत नाही. मुलाला ओरडण्यापेक्षा, मारण्यापेक्षा, एवढं शिकवावं की काही गोष्टी दार लावून, आपल्या खोलीतच करायच्या असतात. आणि दोघांनाही शिकवावं की अंगाला कोण, कुठे, कशासाठी हात लावू शकतं, आणि कुणी भलता हात लावला तर कसं ओरडायचं. ज्या मुलीला सगळ्यांनी सगळ्यासाठी 'गप बस, करू दे' हेच शिकवलंय, ती संकटात 'नको' म्हणणार कशी?

या बाबतीत आपल्या राज्याचा इतिहास विसरता येण्यासारखा नाही. १९९४ साली शिरूरच्या सरकारी गृहातल्या काही बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण काय, तर त्यांना पाळीची स्वच्छता ठेवता येत नाही. देशभर संताप उसळला. आज कायदा बदललाय. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व येईल असा कोणताही उपचार करता येत नाही. पण छोट्या गावांत 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' हा सल्ला अजूनही कुजबुजत दिला जातोच. पिशवी काढल्यानं पाळी थांबेल हो, पण मुलीवर हात टाकणारा थांबतो का? उलट त्याचा पुरावाच राहत नाही. विचार करा.

दुसरा तसलाच सल्ला लग्नाचा. 'लग्न लावून द्या, सुधारेल.' लग्न म्हणजे काय औषध आहे? ज्याला लग्न म्हणजे काय हेच समजत नाही, त्याच्या गळ्यात एखाद्या गरिबाची मुलगी बांधायची आणि तिला आयुष्यभराची बिनपगारी आया करायची, हा त्या दोघांवरही अन्याय आहे. ज्यांना समजतं, ज्यांची स्वतःची इच्छा आहे, त्यांची गोष्ट निराळी. पण विचारतं कोण त्यांना?

'विचारणं' हाच शब्द मला महत्त्वाचा वाटतो. मोठं होणं म्हणजे कमावणं, अशी आपली समजूत आहे. म्हणून मुलगा मेणबत्त्या करायला लागला, पणत्या रंगवायला लागला की आपल्याला वाटतं, चला, मार्गी लागला. ज्यांना ते जमतं त्यांनी जरूर करावं, त्याचे पैसेही त्यांच्याच हातात द्यावेत. पण जो मुलगा चालत नाही, बोलत नाही, ज्याला भरवावं लागतं, तो कधीच मोठा होणार नाही का? होतो. त्याच्यापुढे रोज दोन शर्ट धरा आणि तो ज्याच्याकडे बघेल तो घाला. पोहे की उपमा, चित्र दाखवून विचारा. त्याचे कपडे बैठकीत सगळ्यांदेखत न बदलता दार लावून बदला. तरण्या मुलाला आंघोळ वडिलांनी घालावी, मुलीला आईनं. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल 'हा असा, हा तसा' असं बोलू नका. दिवसभर टीव्हीपुढे बसवून ठेवण्याऐवजी त्याच्या वाट्याला एक काम द्या. शेंगांचं टोपलं मांडीवर धरणं एवढंच का असेना. जो निवडतो, ज्याला 'हो' आणि 'नको' म्हणता येतं, तो माणूस मोठा. उद्या आई नसताना तो कुणाच्याही हाती पडला, तरी ही 'नको' म्हणण्याची सवयच त्याला थोडीफार वाचवेल.

आता तयारी आईची. ती जास्त अवघड आहे. वीस वर्षं जिनं त्याचा प्रत्येक हुंकार ओळखला, तिला वाटतं माझ्याशिवाय याचं पानही हलणार नाही. आणि हळूहळू ते खरंच होतं. तो दुसऱ्या कुणाच्या हातून जेवत नाही, दुसऱ्या कुणाजवळ झोपत नाही. इकडे आईची कंबर गेलेली असते. पन्नास-साठ किलोचं पोर उचलून उचलून दुसरं काय होणार? म्हणून आई धडधाकट असतानाच तिच्या नसण्याची सवय लावायला हवी. आठवड्यातून एक जेवण वडिलांनी भरवावं. महिन्यातून एक दिवस मावशीकडे, मग एक रात्र, मग दोन. पहिल्यांदा तो रडेल, आई त्याहून जास्त रडेल. तरी करावं. आई आजारी पडल्यावर अचानक, रात्रीच्या रात्री परक्याच्या हाती जाणं, ही त्याच्यासाठी केवढी भयंकर गोष्ट असेल!

आणखी एक सांगते. एक शंभर पानी वही घ्या. त्यात त्याचं सगळं लिहा. कोणती गोळी किती वाजता, फिट येण्याआधी तो काय करतो, आल्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही. कोणत्या कुशीवर झोपतो. वरण घट्ट लागतं की पातळ. 'ऊं' असा आवाज म्हणजे तहान, कानावर हात म्हणजे कुकरची शिट्टी सहन होत नाही. कोणतं गाणं लावलं की शांत होतो. हे सगळं आज फक्त आईच्या डोक्यात आहे. आई गेली की त्याचा शब्दकोशच गेला. कागदपत्रांची फाइल सगळे करतात, ही वही कुणी करत नाही. वर्षातून एकदा, त्याच्या वाढदिवसाला, ती वाचून दुरुस्त करावी.

पण फाइलही हवीच. अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्यानं मूल सज्ञान होतं आणि आईवडिलांचा आपोआप असलेला पालक म्हणून हक्क संपतो, हे कितीतरी सुशिक्षित घरांतही माहीत नसतं. मग बँक अडवते, जमिनीचे व्यवहार अडतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते आणि ती कायदेशीर पालक नेमते. नेमलेल्या पालकाला मुलाच्या मालमत्तेचा हिशेबही द्यावा लागतो, ही त्यातली फार मोलाची गोष्ट. २०१६चा कायदा तर त्याच्याही पुढे जाऊन सांगतो, की पालकानं निर्णय त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून, तिच्या बरोबरीनं घ्यावेत. म्हणजे पुन्हा तेच, विचारा!

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, आधीच काढून ठेवा. त्याच राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' नावाची एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तिची चौकशी करा. घरात कुणी सरकारी नोकरीत असेल, तर कमवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांनंतर हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्यासाठी त्याचं नाव आणि दाखला कार्यालयात वेळेत नोंदवून घ्या. आणि मृत्युपत्र करा. 'सगळं थोरल्याच्या नावावर, तो बघेल भावाला' असं तोंडी सांगून जाऊ नका. धाकट्याचा वाटा धाकट्याच्याच नावावर किंवा त्याच्यासाठी केलेल्या विश्वस्त निधीत असावा.

थोरला बघेल म्हणजे तरी कोण बघणार? खरं सांगायचं तर त्याची बायको. आपल्याकडे 'कुणीतरी बघेल' यातली 'कुणीतरी' नेहमी एक बाईच असते. आधी आई, मग बहीण, मग वहिनी. वडिलांनी पगार आणला की त्यांची जबाबदारी संपली! बहिणीला लहानपणापासून 'तुलाच बघायचंय' असं ऐकवत ऐकवत मोठं करतात, आणि तिचं लग्न ठरताना तोच भाऊ लपवून ठेवतात. भावंडांना मोकळेपणानं विचारा, 'तुला किती जमेल?' कुणी म्हणेल, पैसे देईन. कुणी म्हणेल, महिन्यातून चार दिवस येईन. जेवढं मनापासून जमतं तेवढंच घ्या. बळजबरीनं लादलेलं प्रेम फार दिवस टिकत नाही.

उरलेलं कुणी करायचं? ते समाजानं. आपल्या राज्यात हे काम पालकांनीच पुढे नेलेलं आहे. मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली वकील दांपत्यानं आपल्या लेकीसाठी सुरू केली. नाशिकला १९७७ साली रजनीताई लिमये यांनी प्रबोधिनी विद्यामंदिर काढलं, त्याही अशाच एका मुलाच्या आई. बदलापूरची 'आधार' संस्था, डोंबिवलीजवळ खोणी गावातलं अमेय पालक संघटनेचं 'घरकुल', ही मोठ्या झालेल्या मुलांची निवासस्थानं पालकांनीच एकत्र येऊन उभी केली. पण ही सगळी मोठ्या शहरांजवळ. आपल्या तालुक्याच्या गावात विशेष शाळा असलीच तर ती अठराव्या वर्षापर्यंत सांभाळते. एकोणिसाव्या वर्षी मुलगा घरी बसतो आणि शाळेत शिकलेलं दोन वर्षांत विसरतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या गावाला मोठ्या मुलांसाठी एक दिवसभराचं केंद्र हवं. सकाळी दहा ते पाच. थोडं काम, थोडी कसरत, गाणी, बाजारात फेरफटका. याला पैसा कुठून येणार, असं विचाराल तर ऐका. आपल्या राज्यात ग्रामपंचायत आणि नगरपरिषदेनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी तो पैसा वर्षाअखेर घाईघाईनं कशावर तरी उडवला जातो किंवा तसाच पडून राहतो. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा आता आपल्या बायकांच्या आहेत. आपल्या वॉर्डातल्या नगरसेविकेला, सरपंचताईंना हळदीकुंकवाला बोलावतो ना, मग तेव्हाच विचारूया, 'ताई, त्या पाच टक्क्यांचं यंदा काय केलंत?' पाच आयांनी एकत्र जाऊन विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं.

आणि ज्यांच्या घरी असं मूल नाही, त्यांच्यासाठीही दोन शब्द. 'चौकट राजा' १९९१ साली आला तेव्हा दिलीप प्रभावळकरांचा नंदू बघून थिएटरात हुंदके ऐकू येत होते. २०२५ मध्ये 'सितारे जमीन पर' आला, पुन्हा डोळे पुसले गेले. पण आपल्या गल्लीतला नंदू ओट्यावर येऊन बसला की लोक आपली पोरं घरात बोलावतात. रडायला तिकीट काढावं लागतं, शेजार फुकट असतो. त्याला नावानं हाक मारा. तो पंचविशीचा असेल तर 'बाळ' म्हणू नका. त्याच्या आईला 'तुम्ही किती सोसता हो' असं म्हणण्यापेक्षा 'गुरुवारी दोन तास मी बसते त्याच्याजवळ, तुम्ही बाजार करून या' असं म्हणा. आणि गेलात की ती वही मागून घेऊन एकदा वाचा. त्याचं 'ऊं' म्हणजे तहान, हे गल्लीत चार जणींना जरी माहीत झालं, तरी त्या आईला रात्री थोडी शांत झोप लागेल.